शब्दांच्या गोष्टी : ड्रगून

‘आय वॉज ड्रगून्ड इन्टू सिंगिंग.’ इंग्रजी गोष्टीत असं वाक्य भेटलं, की आपण अंदाजाने पुढे जातो. अर्थ साधारण असा : मला गायचं नव्हतं, पण सगळे असे मानगुटीवर बसले की गावंच लागलं. घरी पाहुणे आले की तुमच्यापैकी कितीजणांचं असं होतं, ते तुम्हीच सांगा!

पण दोस्तांनो, हा शब्द काही पाहुण्यांच्या बैठकीत जन्मला नाही बरं का.

ड्रगून म्हणजे मुळात शिपाई. घोड्यावरून जायचं आणि लढताना खाली उतरायचं, ही त्यांची रीत. त्यांच्याजवळ एक आखूड बंदूक असे. तोंडातून आग ओकणारी, म्हणून फ्रेंच लोक तिला ड्रॅगनच म्हणत. तेच नाव पुढे शिपायाला चिकटलं.

मग ‘ड्रगून करणे’ कुठून आलं? फ्रान्सचा राजा चौदावा लुई कॅथलिक होता. त्याच्या राज्यात ह्यूगनो नावाचे प्रोटेस्टंट राहत. दोघेही ख्रिस्तीच, पण पंथ वेगळे. आपल्या पंथाप्रमाणे वागायची मुभा ह्यूगनोंना १५९८ सालच्या एका फर्मानाने मिळाली होती. तरीही १६८१ मध्ये प्वातू प्रांतातल्या मारियाक नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्या घरोघरी ड्रगून मुक्कामाला धाडले. शिपायांची सोय रयतेने करायची, हा तेव्हाचा रिवाजच. पण हे पाहुणे म्हणजे! घरमालकाच्या खर्चाने खायचं-प्यायचं, सामान मोडायचं, मारझोड करायची, रात्ररात्र झोपू द्यायचं नाही. ‘पंथ बदलतो’ म्हटलं, की मुक्काम हलला शेजारच्या घरी. हजारो लोक ‘हो’ म्हणाले. पुढे १६८५ मध्ये राजाने ते जुनं फर्मानच रद्द केलं. कारण काय दिलं? बहुतेक सगळे कॅथलिक झालेच आहेत, आता फर्मान हवंय कशाला! आता अशा ‘हो’ला होकार म्हणायचं का?

देश सोडायला बंदी होती. पळताना सापडलेल्या पुरुषांना जहाजांवर वल्ही मारायला जुंपत. तरीही दोनेक लाख लोक निसटलेच. काही हॉलंडला गेले, काही जर्मन संस्थानांत, तर काही लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशमाचे माग टाकून बसले. त्यांच्यावरच्या जुलमाची हकीकत इंग्लंडात पोचली आणि काही वर्षांतच इंग्रजांनी ‘ड्रगून’चं क्रियापद करून टाकलं. आणखी एक शब्द इंग्रजीत तेव्हाच आला, खास या निसटून आलेल्या माणसांसाठी. तो तुम्हाला पक्का माहीत आहे : रेफ्यूजी.