पाणचक्कीवरचा विळा

परवा घणसोली गावात नात्यातल्या घरी गेलो होतो. सातवीतला नातू संगणकावर ‘माइनक्राफ्ट’ खेळत होता. सगळे जग ठोकळ्यांचे. मूळ खेळातला दट्ट्या एका वेळी बाराच ठोकळे ढकलतो, म्हणून पोराने ‘क्रिएट’ नावाची बाहेरची भर त्यात घातलेली. तिच्यातला दट्ट्या गोंदाने जोडलेली अख्खी रांग हलवतो. रांगेला कापणीयंत्रे लावली, की ती जाता जाता पिकलेला गहू कापतात, लगेच पुन्हा पेरतात आणि कोवळ्याला हात लावत नाहीत. माणसाच्या विळ्याला हे शिकवताना माझी नोकरी सरत आली!

गोंद विसरला तर ठोकळा मागेच राहतो. पोराने वेग वाढवला, तसे सगळेच थांबले. बिघाड नव्हता; पाणचक्कीला भार पेलेना. दुसरी पाणचक्की जोडल्यावर गाडे हलले.

आजोबा मागे उभे होते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे नवी मुंबईसाठी त्यांची खाडीकाठची भातखाचरे गेली.

“भात नाय का रं यात?”

“नाही आजोबा, गहूच आहे.”

“मंग कडंला बांध तरी घाल. भरतीचं पानी शिरंल.”

पोराने दट्ट्या थांबवला आणि बांध घालायला घेतला.