बघ्यांच्या गर्दीतील मी

गणेशोत्सवाला आठवडा उरला होता. पेणहून रोह्याला एका नातलगांकडे निघालो होतो. वडखळ मागे पडले, नागोठणे जवळ आले आणि पुढची वाहने एकाएकी थबकली. उतरून पाहतो तो, एक मोटार समोरून आलेल्या टेम्पोवर आदळून रस्त्याच्या कडेला कलंडलेली. चालक निपचित पडलेला. मागच्या आसनावरील बाई रक्तबंबाळ अवस्थेत कण्हत होत्या. मखराचे सामान रस्ताभर विखुरले होते.

चाळीस-पन्नास माणसे जमली होती. कोणी टेम्पोवाल्याला दूषणे देत होते, कोणी सरकारला. दोघे-तिघे मोबाईलवर छायाचित्रे टिपत होते. आणि मी? मीही त्यांच्यातच उभा होतो. तीस वर्षे माणुसकीवर लेखणी झिजविणाऱ्या माझ्या मनात पहिला विचार आला, तो पोलिसांच्या जबाबाचा आणि कोर्टाच्या तारखांचा.

तेवढ्यात एका मिनीडोरचालकाने वाट काढली. त्याने '१०८' क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली, बाईंच्या जखमेवर आपला पंचा दाबून धरला आणि तो त्यांच्याशी बोलत राहिला, "ताई, डोळे मिटू नका, गाडी आलीच." रुग्णवाहिका दोघांना घेऊन गेल्यावर तो आपल्या प्रवाशांना घेऊन निघून गेला. त्याचे नाव विचारण्याचेही भान मला राहिले नाही.

या महामार्गाच्या दुर्दशेबद्दल लिहावे तेवढे थोडेच. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचे २०११ मध्ये सुरू झालेले काम दशक उलटले तरी रेंगाळत राहिले. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण रस्ता सरकारचा असला, तरी रस्त्यावर तडफडणारा माणूस कोणाचा? २०२२ या एकाच वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांतील कितीजण केवळ बघ्यांच्या संकोचाने गेले असतील?

हा संकोच पूर्वी अगदीच निराधार नव्हता. मदत करणाऱ्यालाच चौकशीच्या फेऱ्यात अडकविल्याची उदाहरणे गावोगावी ऐकू येत. २००७ साली पीयूष तिवारी यांच्या एका शाळकरी नातलगाला वाहनाने उडविले. तो रस्त्याकडेला रक्तबंबाळ पडून होता आणि लोक बाजूने जात राहिले. तो वाचला नाही. तिवारींनी पुढे 'सेव्हलाईफ फाउंडेशन' स्थापन करून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांना पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली.

म्हणजे कायदा बघ्यांच्या गर्दीतून बाहेर पडला आहे. समाज मात्र अजून तिथेच उभा आहे. दुखापतीनंतरचा पहिला तास निर्णायक असतो आणि त्या तासात घटनास्थळी डॉक्टर नसतो, आपण असतो. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबावे, मान व पाठ हलू देऊ नये, ओढाताण करून बाहेर काढू नये, पाणी पाजू नये, रुग्णवाहिकेला वाट करून द्यावी. एवढे शिकायला एक रविवार पुरेसा आहे. आपल्या मंडळांनी आरासीच्या खर्चातील काही हिस्सा प्रथमोपचाराच्या वर्गासाठी काढला, तर त्यासारखी दुसरी गणेशसेवा कोणती?

मी तो वर्ग केला आहे. मोटारीत आता एक धुतलेला पंचा कायम घडी घालून ठेवलेला असतो. तो वापरण्याची वेळ येऊ नये, हीच विघ्नहर्त्याकडे प्रार्थना. पण ती आलीच, तर पुन्हा गर्दीत उभे राहायचे नाही, एवढे ठरविले आहे.