यंत्र येताना हातांचा विचार

यंत्राची माहिती देताना आम्ही कृषी खात्यातील माणसे बहुधा दोनच गोष्टी सांगतो : ते किती तासांत किती काम उरकते आणि त्यासाठी अनुदान किती मिळते. यंत्राने जे श्रम वाचविले ते ज्याच्या पोटाचे साधन होते, त्याचे पुढे काय होते, हे सांगावयाचे राहून जाते. हा प्रश्न आजचा नाही. औद्योगिक क्रांतीच्या आरंभकाळी तो इंग्लंडच्या शेताशेतांत उभा राहिला होता.

स्कॉटलंडमधील अँड्र्यू मीकल या कारागिराने १७८६ च्या सुमारास मळणीचे यंत्र सिद्ध केले. त्यात वेगाने फिरणारा एक ढोल असे. कणसे आत सरकविली की ढोलावरील आडव्या पट्ट्यांच्या आघाताने दाणे सुटत. ढोल फिरविण्यास प्रथम घोडे किंवा पाण्याची शक्ती लावीत. पुढे वाफेचे एंजिन आले. त्यापूर्वी पिकाच्या पेंढ्या कोठारात रचून ठेवीत आणि मजूर त्या हिवाळाभर दांडक्यांनी झोडपीत असत. काम मोठे कष्टाचे व धुळीचे. परंतु शेतात दुसरे काम नसे त्या दिवसांत कित्येक घरांची चूल त्यावरच पेटत असे. यंत्राने नेमके तेच महिने रिकामे केले.

त्यात काळही प्रतिकूल होता. १८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, सैनिक गावी परतले आणि मजुरीचे दर घसरले. अनेक गावांची सामाईक कुरणे कुंपणे घालून खाजगी झाल्याने गरिबाला एखादी गाय बाळगण्याचीही सोय उरली नव्हती. अखेर १८३० च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यात मजुरांनी मळणी यंत्रे फोडण्यास आरंभ केला आणि हे लोण दक्षिण व पूर्व इंग्लंडभर पसरले. गंजी पेटल्या, मालकांना ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने धमकीची पत्रे गेली. मागणी मात्र साधी होती : यंत्र थांबवा आणि दिवसाला दोन-अडीच शिलिंग मजुरी द्या. मजुरांनी या दंग्यात एकाही माणसाचा जीव घेतला नाही. सरकारने मात्र १९ जणांना फाशी दिले व सुमारे पाचशे जणांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले. इतके होऊनही दक्षिणेतील अनेक शेतकऱ्यांनी पुढे बरीच वर्षे ते यंत्र खळ्यावर आणले नाही. मजुराचे घर बसले आणि यंत्राचा प्रसारही खुंटला.

याच वर्षी, १५ सप्टेंबर रोजी, लिव्हरपूल ते मँचेस्टर ही आगगाडी सुरू झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्याकडे मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि पुढे वऱ्हाडचा कापूस लोहमार्गाने मुंबई बंदरास जाऊ लागला. त्याचा लाभ कोणी नाकारणार नाही. परंतु बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरणारे लमाणांचे तांडे होते. पक्क्या सडका व आगगाड्या यांमुळे त्यांचा धंदा बसला. दुसरा उद्योग त्यांच्या हाती कोणी दिला नाही. आज हंगामाच्या तोंडाशी मराठवाड्यातून कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जी कुटुंबे निघतात, त्यांत या तांड्यांचे वंशज पुष्कळ आहेत.

आणि आता त्यांच्यापुढे ऊसतोडणी यंत्र येऊन उभे आहे. मागील हंगामात माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी या यंत्राचे प्रात्यक्षिक होते. रुंद सरीतील ऊस कापून, त्याची कांडी करून यंत्र ती शेजारच्या गाडीत टाकीत होते. शेतकरी मंडळी समाधानाने पाहत होती. बांधावर तोडणी टोळीतील एक वयस्क बाई उभ्या होत्या. मी त्यांना विचारले, “मावशी, कसे वाटले?” त्या म्हणाल्या, “सायेब, मशिनीला उचल लागंना, तिला लेकरंबी न्हाईत. पर आमी कुठं जावं?” माझ्या हातात माहितीपत्रके होती. त्यांतील एकातही या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

कोयता कायम राहावा असे माझे म्हणणे नाही. पहाटेच्या थंडीत तोडणी, डोक्यावर मोळ्यांचे ओझे, शाळा सोडून फडात आलेली मुले, हे जीवन टिकवून धरण्याजोगे नाही. तोडणीस मजूर न मिळाल्याने ऊस उभा वाळतो, ही शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. तेव्हा यंत्र यावे. मात्र ते कोणत्या वाटेने यावे, हे ठरविणे आपल्या हाती आहे.

माझ्या मते यंत्रासाठी सार्वजनिक पैसा द्यावयाचा, तर त्यातील काही वाटा तोडणी मजुरांच्या गटांना यंत्राचे मालक करण्यासाठी राखून ठेवावा. यंत्र चालविणे व दुरुस्त करणे यांचे शिक्षण प्रथम टोळ्यांतील तरुण-तरुणींना मिळावे. उसाची जाण त्यांना आहेच. यंत्राने वाढे विकून मिळणारे चार पैसेही जातात, हे विसरू नये. ज्या गावांतून टोळ्या निघतात तेथे बांधबंदिस्ती, विहिरी व दुग्धव्यवसाय यांची कामे यंत्र येण्याच्या आधी उभी राहावीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग काढला होता. तेव्हा हे आपल्या शक्तीबाहेरचे नाही.

शेतकरी बंधूंनीही आपल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत यंत्राच्या दराबरोबर हा विषय मांडावा. केंटच्या मजुरांना कोणी वेळेवर विचारले नाही. आपल्या बांधावरच्या माणसाला तरी आपण विचारले पाहिजे.