रोग विषाणूचा, प्रसार व्यवस्थेचा

डुकरांच्या साथीच्या अतिसाराची नोंद प्रथम १९७१ साली इंग्लंडमध्ये झाली. अमेरिकेत हा विषाणू २०१३ मध्ये आढळला आणि वर्षभरात सुमारे ७० लाख पिले दगावली. मोठी डुकरे या रोगातून सावरतात. आठवड्याच्या आतील पिले मात्र शरीरातील पाणी आटून जवळजवळ सगळीच मरतात. माणसाला त्याची बाधा होत नाही.

विषाणू स्वतः चालत जात नाही. जन्म एका केंद्रात, वाढ दुसऱ्यात आणि कत्तल तिसरीकडे, अशी ज्या उद्योगाची घडण, तेथे नीट न धुतलेली मालमोटारच त्याचे वाहन ठरते. तरीही रोगाची खबर देणे अमेरिकेच्या केंद्रीय कृषिखात्याने सक्तीचे केले ते जून २०१४ मध्ये, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर!

दरम्यान डुकरांचे भाव विक्रमी चढले. ज्यांच्याकडे रोग पोचला नाही त्यांना तेजी लाभली. ज्यांची पिले गेली त्यांच्याजवळ विकायलाच थोडे उरले. वाढीव किंमत ग्राहकाने मोजली. टंचाईच्या बाजाराचा न्याय तो हाच.

रोग ही मालकाची खासगी बाब मानली, की तिची किंमत शेजाऱ्याला आणि समाजाला चुकवावी लागते. म्हणून रोगाची माहिती पहिल्या दिवसापासून सार्वजनिक असली पाहिजे, आणि प्रामाणिकपणे खबर देणाऱ्या लहान उत्पादकाचे नुकसान समाजाने भरून दिले पाहिजे. यातील पहिली मागणी भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यालाही, उशिरा का होईना, मान्य करावी लागली. दुसरीसाठी कार्यकर्त्यांनी आग्रह धरावयास हवा.