श्वास कोणाच्या अखत्यारीत?

श्वासाच्या विकाराची तक्रार घेऊन उल्हासनगरातील एखादा रहिवासी घराबाहेर पडला, तर त्याला निदान तीन दारे ठोठवावी लागतात. फुप्फुसाचे काय ते डॉक्टर पाहतात. हवेचे काय ते प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते, किंवा पाहते असे म्हणतात. आणि मनावरचे ओझे वाहण्याचे काम घरच्या माणसांवर सोपविलेले असते. ही वाटणी कारभाराच्या सोयीची आहे. शरीराला मात्र ती ठाऊक नाही. छातीत जाणाऱ्या एकाच श्वासात नाल्यावरचा वायू, कोंदट खोलीतील धूर आणि उद्याच्या भाड्याची चिंता ही तिन्ही एकत्र येतात. कॅम्प क्रमांक चारसारख्या वस्तीत ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, आणि तेथील दम्याचा प्रश्न सुटत नाही याचे एक मोठे कारण हेच आहे.

ही वस्ती मुळात राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ तात्पुरती छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची तेथे सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर हे नाव दिले. शिपायांच्या लांबच लांब बराकी पडदे आणि भिंती घालून कुटुंबांमध्ये वाटल्या गेल्या. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील चौथ्या कॅम्पात पुढे मराठी कुटुंबांचीही मोठी वस्ती झाली. मराठा सेक्शन, सुभाष टेकडी ही नावे त्याची साक्ष देतात. २०११ च्या जनगणनेत जेमतेम तेरा चौरस किलोमीटरांच्या या शहरात पाच लाख सहा हजार माणसे मोजली गेली. छावणीची घडण तात्पुरती आणि गर्दी कायमची, असा हा प्रकार आहे. खिडकी असते, पण ती बहुधा समोरच्या भिंतीकडे उघडते.

या वस्तीच्या शेजारून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरांत उगम पावून अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवालयाला वळसा घालणारी ही नदी उल्हासनगरात पोहोचेपर्यंत नाला झालेली असते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे तिच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि काठावरील शेकडो माणसांना मळमळ, चक्कर आणि श्वास कोंडणे यांमुळे रुग्णालयात न्यावे लागले. ती झोपेत होती. पळण्यासाठी कोठून कोठे जायचे हेही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरातील एका कारखान्यातून वायुगळती झाली आणि कित्येक किलोमीटरांच्या परिसरातील लोकांचे डोळे झोंबू लागले, श्वास अडखळू लागले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी अंबरनाथमध्ये धुराचा थर पसरून तोच अनुभव आला. तीनही प्रसंग अंधार असतानाचे आहेत, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

रात्रीच वास का येतो, याचे उत्तर रहिवासी एका वाक्यात देतात: तपासनीस झोपलेले असतात म्हणून. त्यात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु दुसरे कारण निसर्गातच आहे. दिवसा तापलेली जमीन हवेला वर ढकलते, समुद्रावरून वारा येतो आणि धूर पांगतो. हिवाळ्यातील निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो. त्या झाकणाखाली जे सोडले जाईल ते तेथेच राहते. म्हणजे रात्री टँकर रिकामा करणारा माणूस पकडले जाण्याची शक्यता कमी करतो आणि अपाय मात्र अनेक पटींनी वाढवितो.

वासाचेही एक गौडबंगाल आहे. आम्ल आणि सल्फाइड एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. सडक्या अंड्याचा म्हणून ओळखला जाणारा हा वायू. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी माणसाचे नाक त्याला ओळखते. परंतु हेच प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. धोका टळला असे ज्या क्षणी वाटते, त्या क्षणी तो वाढलेला असू शकतो. ही एवढीशी माहिती वालधुनीकाठच्या प्रत्येक शाळेत सांगितली जावयास हवी होती. प्रदूषणावर निबंध लिहून घेणाऱ्या आपल्या शाळांना ती सांगावीशी वाटत नाही.

मोठ्या दुर्घटनांची निदान बातमी होते. रोजच्या श्वासाची होत नाही. नाल्यामुळे डास, डासांमुळे संध्याकाळी बंद केलेली खिडकी, आणि बंद खोलीत जळणारी कॉइल, ही साखळी चौथ्या कॅम्पातील बहुतेक घरांच्या परिचयाची असेल. एका कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून बाहेर पडणाऱ्या कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. विडीला हात न लावणारी गृहिणी दम्याने किंवा जुनाट खोकल्याने बेजार का होते, याचे कोडे अशा वेळी फारसे अवघड राहत नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती आणि त्यांवरची बुरशी यांची त्यात भर पडते.

कामाच्या जागेचीही तीच कथा आहे. जीन्स शिवणे आणि धुणे हा या भागाचा मोठा धंदा. धाग्याची बारीक धूळ, रंग उडविण्यासाठी वापरलेली रसायने, नव्या कापडाला जुनेपणा आणण्यासाठी केलेली घासाघीस हे सारे बंदिस्त गाळ्यांत चालते. तुर्कस्तानात याच जुनेपणासाठी कापडावर वाळूचा मारा केला जाई. त्यातून तरुण कामगारांना सिलिकोसिस होऊन मृत्यू येऊ लागले, तेव्हा २००९ साली तेथील सरकारने त्या पद्धतीवर बंदी घातली. आपल्याकडे ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, २०१५ साली सुमारे ९५ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश निघाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढे उल्हासनगरातील जीन्स धुण्याचे कारखाने बंद पडले. पाण्यासाठी हे आवश्यक होते. परंतु अनेक कारखाने आसपासच्या गावांकडे सरकले आणि मागे राहिलेल्या कामगारांच्या घरी धुराऐवजी बेकारी आली. तिचाही छातीशी संबंध असतो, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

तो संबंध काव्यात्म नाही, प्रयोगसिद्ध आहे. गुलाबाच्या सान्निध्यात जिला शिंका आणि धाप यांचा त्रास होई अशा एका रुग्ण स्त्रीसमोर बाल्टिमोरच्या डॉ. मॅकेंझी यांनी कागदी गुलाब धरला आणि तिला तोच त्रास झाला. ही हकीकत त्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केली. १९६८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दम्याच्या ४० रुग्णांना साध्या मिठाच्या पाण्याची वाफ दिली आणि ‘तुम्हांला ज्याची वावडी आहे ते द्रव्य यात आहे’ असे सांगितले. त्यांपैकी १९ जणांच्या श्वासनलिका खरोखरच आवळल्या. पुढे तेच पाणी औषध म्हणून दिले तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. भीतीने श्वास उथळ आणि जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि धाप लागल्याची जाणीव अधिकच वाढते. ज्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या आहेत त्याला हा फेरा परवडत नाही.

येथपर्यंत वाचून एखाद्या अधिकाऱ्याला समाधान वाटण्याचा संभव आहे. गळती झाली की ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ हे वाक्य असलेले पत्रक निघते. आता त्याला शास्त्राचाही आधार मिळाला, असे तो म्हणेल. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. बोस्टन शहरातील मुलांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वाहनांच्या धुराचा दम्याशी असलेला संबंध ज्या मुलांच्या वाट्याला हिंसाचाराचा अनुभव अधिक आला होता त्यांच्यातच स्पष्टपणे प्रकट झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे अडीच हजार मुलांच्या पाहणीतही, २००९ साली, आईबाप ज्या घरात सतत ताणाखाली होते तेथील मुलांना धूर अधिक बाधला. याचा अर्थ चिंता ही विषारी हवेला पर्याय नव्हे. ती त्या हवेचा हात बळकट करते. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, तेव्हापासून छताकडे पाहत झोपणाऱ्या कुटुंबाला जो धूर बाधेल, तोच मलबार हिलवरील कुटुंबाला तितका बाधणार नाही. तेव्हा दुबळ्या वस्तीत धूर सोडणाऱ्याचा अपराध कमी न ठरता मोठाच ठरला पाहिजे.

वैद्यकीय व्यवहारातही मनाचा असाच गैरवापर होतो. तरुण मुलीला धाप लागली की ‘टेन्शन घेतेस’ म्हणून तिची बोळवण केली जाते. उलट खरोखर भीतीने गुदमरलेल्या माणसाला प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या जातात. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर हे स्वस्त उपकरण काही मिनिटांत या दोहोंविषयी पुष्कळ सांगू शकते. पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात ते का असू नये? त्यात पुन्हा पंपाविषयीचा संकोच. पंपाची सवय लागते, मुलीच्या लग्नात अडचण येते, वर्गात तो काढायचा कसा, अशा समजुतींपायी मुले औषध दप्तरात लपवून ठेवतात. वास्तविक पंपातून मिळणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते आणि ती थेट फुप्फुसात जाते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या तफावतीत उपचारांच्या अभावाबरोबर या लाजेचाही वाटा आहे. शिक्षकाने वर्गात एकदा मोकळेपणाने चार वाक्ये बोलली तर ती काही अंशी दूर होईल.

शासन काहीच करीत नाही असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या पहिल्या १०२ शहरांच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे होती. मधले अंबरनाथ यादीत नव्हते. वारा अंबरनाथला वळसा घालून जातो अशी बहुधा कोणाची तरी समजूत असावी. या कार्यक्रमाचे मोजमाप मुख्यत्वे धुळीचे असते आणि हिशेब वर्षाच्या सरासरीचा. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपण २००९ साली ४० मायक्रोग्रॅम ठरविली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ वर आणली, हा वाद महत्त्वाचा आहेच. परंतु ज्या शहरात एका रात्रीत शेकडो माणसे रुग्णालयात जातात, तेथे वर्षाची सरासरी काय सांगणार? ती एक रात्र तीनशे पासष्टांत बुडून जाते. धूळ कमी झाल्याचा अहवाल खरा असूनही वालधुनीकाठचा माणूस गुदमरू शकतो.

म्हणून पहिली मागणी यंत्रांची नसून माहितीची असावयास हवी. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांप्रमाणे आसपासच्या जनतेलाही देण्याचे बंधन घातले गेले. १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आणि १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम यांनी आपत्कालीन आराखडे, स्थानिक संकट गट आणि सराव यांची तरतूद केली. कागद पुरेसे आहेत. पण चौथ्या कॅम्पातील किती कुटुंबांना शेजारच्या कारखान्यात काय साठविले आहे, भोंगा कसा वाजतो, वाजल्यावर खिडक्या बंद करून आत थांबायचे की वाऱ्याला आडवे निघून जायचे, हे ठाऊक आहे? कारखान्याला निदान पत्ता तरी असतो. रात्री नाल्यात रिकाम्या होणाऱ्या टँकरला तोही नसतो. त्याच्यासाठी वालधुनीच्या पुलांवर वायुमापक बसविणे आणि टँकरच्या फेऱ्यांवर नजर ठेवणे एवढे तरी करता येण्याजोगे आहे.

डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री भोपाळमध्ये अनेक लोक वायू ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने धावले. ओल्या फडक्याने नाक-तोंड झाकले असते तरी अपाय बराच कमी झाला असता. पण ते सांगणारा कोणी नव्हता. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील प्रत्येक मोबाईलवर आज गळतीनंतर काही मिनिटांत मराठी, सिंधी आणि हिंदीत चार ओळींचा संदेश पोहोचविता येतो: कोणता वायू आहे, वारा कोणीकडे आहे, घरात थांबायचे की निघायचे, दमा असलेल्यांनी काय करायचे. त्यासाठी मंडळ, पालिका आणि अग्निशमन दल यांपैकी कोणी तरी एकाने तो पाठविण्याची जबाबदारी नावानिशी स्वीकारली पाहिजे आणि रात्री दोन वाजताही उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक जाहीर केला पाहिजे. सकाळची गाडी पकडण्यासाठी चौथ्या कॅम्पातील नोकरदार विठ्ठलवाडी स्थानकाच्या ज्या पुलावर गर्दी करतात, तेथे तो लिहिण्यास एक फलक पुरेल.