या गाण्यात काहीही लपलेलं नाही

‘या गाण्याचा खरा अर्थ ऐकून तुम्हाला धक्का बसेल!’ अशी सुरुवात असलेली रील तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. चाळीस सेकंदांत कुणीतरी सांगतं, की ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’ हे देशभक्तीचं गाणं नाहीच. ते निषेधाचं गाणं आहे, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन त्याला फसले होते. आपण लाइक करतो, मित्राला पाठवतो. एक गुपित कळल्याचा आनंद होतो.

माझं भांडण या ‘गुपिता’शी आहे.

आधी कबुली देतो. मी हे गाणं कित्येक वर्षं जिममध्ये ऐकलं. अमेरिकी उच्चारातलं गाताना घशात अडकणारं इंग्रजी पहिल्या फटक्यात कळत नाही, त्यामुळे कानात राहिला तो ड्रमचा ठोका आणि कोरस. कडवी म्हणजे दोन कोरसांमधली वाट बघण्याची जागा. अर्थ कशाला हवा, व्हाइब मस्त आहे, असं मीही म्हणायचो. मग एकदा बसमध्ये, काहीच काम नसताना, शब्द समोर धरून गाणं ऐकलं. लाज वाटली. त्यात शोधून काढावं असं काहीच नव्हतं. सगळं समोरच होतं.

हे गाणं जून 1984मध्ये, त्याच नावाच्या अल्बमवर आलं. त्यातला माणूस मरगळलेल्या गावात जन्मतो, लहानपणापासून मार खातो. गावात कसल्याशा भानगडीत सापडतो आणि त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला परक्या देशात लढायला पाठवलं जातं. परत येतो, तर रिफायनरीत काम नाही. माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीतला माणूसही हात वर करतो. भाऊ व्हिएतनाममध्ये खे सानला लढला, तो गेला. सायगावमधल्या एका बाईच्या मिठीतला त्याचा फोटो तेवढा उरला. युद्धावरून येऊन दहा वर्षं झाली तरी हा माणूस तुरुंगाच्या आणि रिफायनरीच्या सावलीतच आहे. जायला जागा नाही. यात प्रतीकं नाहीत, कोडी नाहीत. स्प्रिंगस्टीन हे सगळं घसा फोडून, साध्या शब्दांत सांगतो.

मग रेगन फसले कसे? इथे रीलची घाई होते. 19 सप्टेंबर 1984 रोजी, निवडणुकीला दोन महिनेही उरले नसताना, रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथे भाषण केलं. न्यू जर्सी हे स्प्रिंगस्टीनचं राज्य. त्याच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे, एवढंच ते म्हणाले. एकाही गाण्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. जे गाणं त्यांनी नावानिशी उचललंच नाही, त्याचा अर्थ त्यांना कळला नाही असं कसं म्हणणार? त्यांना अर्थाची गरजच नव्हती. त्यांना एक लोकप्रिय नाव हवं होतं.

खरी गंमत त्याच्या काही दिवस आधीची आहे. जॉर्ज विल हे उजव्या विचारांचे नामवंत स्तंभलेखक. ते स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमाला गेले, कानात कापूस घालून. नंतर त्यांनी स्तंभात त्याचं कौतुक केलं. स्प्रिंगस्टीनचं राजकारण काय ते आपल्याला ठाऊक नाही, पण हा रडका माणूस नाही. बंद पडलेल्या कारखान्यांबद्दल गातो, पण दरवेळी त्यावर या कोरसची आनंदी ग्वाही येते, असा त्यांचा सूर होता. जरा थांबून बघा. बंद पडलेले कारखाने त्यांच्या लेखात आहेत! म्हणजे कापसातूनही कडवी आत पोचली होती. विल यांनी ती ऐकली आणि बाजूला ठेवली.

म्हणून ‘गैरसमज’ हा शब्द मला खटकतो. गैरसमजात कुणाचा दोष नसतो. इथे सोय होती. गाण्यातला अर्धा भाग कामाचा होता, तो घेतला. अर्धा अडचणीचा होता, तो सोडला. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीनने उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल याचा विचार करतोय, ‘नेब्रास्का’ तर नसावा, असा टोमणा मारून तो ‘जॉनी 99’ गायला. मोटारीचा कारखाना बंद पडल्यावर काम गेलेल्या, दारूच्या नशेत खून करणाऱ्या आणि 99 वर्षांची शिक्षा झालेल्या कामगाराचं ते गाणं. आशेचा संदेश शोधणाऱ्यांनी तिथे शोधावा.

इथवर रीलवाले माझ्या बाजूने असतील. आता नसतील. कारण ‘हे तर निषेधाचं गाणं, कोरस म्हणजे नुसता उपहास’ असं सांगणारेही अर्धंच गाणं ऐकतात. विल यांनी कडवी सोडली, हे लोक कोरस सोडतात.

या गाण्याचं आधीचं रूप वेगळं होतं. 1982च्या सुरुवातीला स्प्रिंगस्टीनने घरी, साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, जी गाणी टिपली त्यांतून ‘नेब्रास्का’ हा अल्बम झाला. त्याच टेपमध्ये हेही होतं: एक गिटार, एक आवाज, भुतासारखं. ते 1998मध्ये ‘ट्रॅक्स’ या संचात बाहेर आलं. त्यावर झेंडा फडकवायची कुणाची छाती होणार नाही. म्हणून जाणकार सांगतात, तेच खरं गाणं. ड्रम आणि सिंथेसायझर ही बाजारासाठीची तडजोड. पण 2016मधल्या आत्मचरित्रात स्प्रिंगस्टीन हे मान्य करत नाही. संगीत बदललं असतं तर गाणं सहज समजलं असतं, पण इतकं समाधान देणारं झालं नसतं, असं तो म्हणतो.

मला त्याचं पटतं. घराबाहेर काढलेला माणूस दारावर हात आपटून ‘मी याच घरात जन्मलोय’ असं ओरडतो, तेव्हा तो घरावरचा हक्कही सांगत असतो आणि घरातल्यांना शिव्याही देत असतो. दोन्ही एकाच श्वासात. ते ओरडणं हळू आवाजात होत नाही. मॅक्स वाइनबर्गचा ड्रम म्हणजे दारावरची ती थाप आहे. अभिमान काढून घेतला, तर उरतो एक केविलवाणा बळी, ज्याच्याबद्दल आपल्याला हळहळ वाटते आणि आपण पुढे स्क्रोल करतो. या माणसाला आपली हळहळ नको आहे. त्याला त्याचं देणं हवं आहे.

आणि हो, दोष स्प्रिंगस्टीनचाही आहे. मुखपृष्ठावर झेंड्याचे पट्टे त्यानेच येऊ दिले. स्टेडियमभर झेंडे हलत होते तेव्हाही तो गातच होता. क्रायस्लर मोटार कंपनीला जाहिरातीसाठी गाणं द्यायला त्याने नकार दिला, हे त्याच्या बाजूचं. पण 2021मध्ये त्याने आपल्या गाण्यांचे हक्क सोनीला विकले, ते बातम्यांनुसार सुमारे 50 कोटी डॉलरना. 2022मध्ये त्याच्या कार्यक्रमाची काही तिकिटं हजारो डॉलरवर गेली. कामगारांची गाणी गाणारा माणूस कामगाराला न परवडणारी तिकिटं विकतो, हा आक्षेप रास्तच आहे. 2017च्या ब्रॉडवे प्रयोगात तोच कबूल करतो, की आपण कारखान्याचं तोंडही पाहिलं नाही आणि लिहिलं मात्र त्यावरच.

मग गाण्यामागच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत का? सांगायच्या. बार्ट हेन्स हा स्प्रिंगस्टीनच्या पोरवयातल्या बँडचा ड्रमर. 1967मध्ये तो व्हिएतनाममध्ये मारला गेला. स्प्रिंगस्टीनलाही सैन्यभरतीचं बोलावणं आलं होतं. तो तपासणीत नापास झाला, आणि व्हायचंही होतं. आपल्या जागी कोण गेलं असेल, हा प्रश्न त्याने ब्रॉडवेवर लोकांसमोर उघड मांडला. पुढे रॉन कोविक या व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकाचं आत्मकथन त्याने वाचलं, त्याला भेटला, आणि 1981मध्ये लॉस एंजेलिसला व्हिएतनामहून परतलेल्यांसाठी निधी उभारायला कार्यक्रम केला. या गोष्टींनी गाण्याचा छुपा अर्थ उघडत नाही. गाणाऱ्याच्या डोक्यावर कुणाची उधारी आहे, ते कळतं. रील तीच गोष्ट क्विझच्या उत्तरासारखी देते: कळलं, झालं, पुढचं गाणं.

ज्याचं कुणीच ऐकत नाही अशा माणसाबद्दलचं हे गाणं आहे. रिफायनरीतला साहेब त्याचं ऐकत नाही, सरकारी कचेरी ऐकत नाही. कोरसवर नाचणारा ऐकत नाही, आणि ‘खरा अर्थ’ सांगून मोकळा होणाराही ऐकत नाही. त्या रांगेत मीही बरीच वर्षं उभा होतो, कानात महागडे इअरफोन घालून.

गाणं साडेचार मिनिटांचं आहे. शब्द फोनवर फुकट मिळतात. एकदा समोर धरा, आणि तो माणूस नोकरी मागायला जातो तिथे पुढे ढकलू नका.