फोटो निघाला, कीड दिसली का?

नांदेड-लातूरकडे एक्सरेला अजूनही फोटोच म्हणतात. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, दाढेचा फोटो. शब्द सोयीचा आहे, पण फोटो म्हटला की जे आहे ते त्यात आलेच असणार, असे आपण धरून चालतो. एक्सरे ही सावली असते आणि दिवा कुठे धरला त्यावर सावली बदलते. भिंतीवर हाताचा ससा नाचवणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते. आता तालुक्याच्या गावीही दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी आरव्हीजीचा सेन्सर लोंबताना दिसतो. काही सेकंदांत दाढ पडद्यावर उमटते आणि डॉक्टर पेनाच्या टोकाने काळा डाग दाखवतात. यंत्र आले ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यातून निघालेले चित्र कीड ओळखण्याच्या लायकीचे आहे का, हे नेमाने तपासण्याची पद्धत आपण घातलेली नाही. आणि दाढ कोरायची की सोडायची, हे ठरते त्याच चित्रावर.

चावायच्या बाजूची कीड बहुधा डोळ्यांना दिसते, तिथे घास अडकतो, थंड पाणी लागले की कळ जाते. फसवी असते ती दोन दाढा एकमेकींना जिथे टेकतात तिथली. तिथे आरसा पोचत नाही आणि टोकदार सळईही नीट जात नाही. या जागेसाठीच बाइटविंग नावाचा एक्सरे आहे. अमेरिकेतल्या हॉवर्ड रेपर यांनी तो १९२५च्या सुमारास पुढे आणला. रुग्णाने दातांत एक छोटी पट्टी धरायची, मग वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. चांगले बाइटविंग ओळखायची खूण सोपी आहे. शेजारच्या दोन दाढांमध्ये बारीक काळी रेघ दिसली पाहिजे. किरण थोडे तिरपे गेले तरी दोन्ही दाढांची कवचे एकमेकांवर चढतात, रेघेच्या जागी पांढरा पट्टा येतो आणि कीड नेमकी त्या पट्ट्याआड जाते. आपल्याकडे सरसकट निघतो तो आयओपीए, मुळाच्या टोकापर्यंतचा एक्सरे. रूट कॅनालसाठी तोच हवा. पण सेन्सर होल्डरमध्ये न बसवता रुग्णाच्या बोटाने धरायला लावला आणि किरण अंदाजाने सोडले, तर फटीतल्या किडीबद्दल तो फार काही सांगत नाही. सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारी ओपीजी दिसायला भारदस्त, पण सुरुवातीच्या किडीच्या बाबतीत त्याहूनही मोघम.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. कवच जिथे संपते आणि हाड जिथे सुरू होते, त्या मधल्या मानेपाशी दाढ निमुळती असते. तिथे किरण जास्त आरपार जातात आणि निरोगी दाढेवरही काळसर खाच उमटते. दुसरा भास डोळ्यांचा. गडद आणि फिकट भाग शेजारी आले की सीमेवर आणखी एक काळी कड असल्यासारखे वाटते. एर्न्स्ट माख यांनी १८६५मध्ये या भासाचे वर्णन केले. जुन्या चांदीच्या सिमेंटशेजारी असा काळा पट्टा दिसला तर पडद्यावर तो पांढरा भाग अंगठ्याने झाकून पाहावा. भास असेल तर पट्टा विरतो, कीड असेल तर राहतो. उन्हाने भरलेल्या खोलीत, चकाकणाऱ्या लॅपटॉपवर घाईने पाहिले तर हा फरक कळत नाही. खरी कीडही चित्रात उशिराच येते. त्या जागचे साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्यावरच सावलीत फरक दिसू लागतो. म्हणजे चांगल्या चित्रातही कीड असते त्याहून लहान दिसते, आणि वाईट चित्रात ती दिसतच नाही किंवा नको तिथे दिसते. कवचापुरती असलेली, खड्डा न पडलेली कीड फ्लोराइडचा लेप आणि नीट घासणे यांनी थोपवता येते. तीच दाढ भासापायी कोरली, तर कोरलेला भाग परत येत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी बिकट होतो तो पाण्यामुळे. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात भूजलातले फ्लोराइड ही जुनी तक्रार आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. वाढत्या वयात असे पाणी पोटात गेले की दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग उमटतात, कवच खडबडीत होते. अशा दातात सळई अडकली म्हणजे कीड आहेच असे म्हणता येत नाही, आणि रंग बदलला म्हणजेही नाही. वरून धड दिसणाऱ्या कवचाखाली पोखरलेले असणेही शक्य असते. ‘अनुभवी नजरेला एक्सरे कशाला लागतो’ हा आक्षेप एरवी ऐकून घेता येईल. जिथे नजरच फसते तिथे तो टिकत नाही.

नियमांचे काय, असे कोणी विचारेल. अणुऊर्जा नियामक मंडळाकडे दातांच्या एक्सरे यंत्राचीही नोंद करावी लागते आणि दर दोन वर्षांनी यंत्राची चाचणी करून घ्यावी लागते. किलोव्होल्ट ठरल्याइतके आहेत का, टायमर बरोबर चालतो का, किरण बाहेर झिरपतात का, हे त्यात पाहतात. ते हवेच, विशेषतः आपल्याकडच्या वर-खाली होणाऱ्या विजेवर. जुन्या धाटणीच्या यंत्रात दाब पडला की चित्र फिकट आणि रवाळ येते. पण ही परीक्षा यंत्राची झाली. निर्दोष यंत्रानेही तिरपा एक्सरे काढता येतो, जसा उत्तम पेनाने चुकीचा पत्ता लिहिता येतो. ब्रिटनमधल्या दंतवैद्यांसाठीच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी चित्रांचे दोनच वर्ग केले, निदानाला चालणारी आणि न चालणारी. डिजिटल चित्रांतली किमान ९५ टक्के आणि फिल्मवरची किमान ९० टक्के पहिल्या वर्गात बसली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठेवले. आकडा हुबेहूब उचलायची गरज नाही. मोजायला लागणे महत्त्वाचे.

मोजणी म्हणजे खर्च आणि वेळ, असे दंतवैद्य म्हणतील. खर्चाची तक्रार मला पटत नाही. सेन्सर आणि यंत्र यांच्या किमतीपुढे होल्डर म्हणजे किरकोळ खरेदी, आणि खोलीला पडदा लावायला तर कोणाची परवानगीही लागत नाही. वेळेची अडचण खरी आहे. दुपारपर्यंत बाकडे भरलेले असते, आणि उलटीचा उमाळा येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात सेन्सर टिकवणे सोपे नसते. पण महिन्यातून एकदा मागची वीस चित्रे काढून चालणारी आणि न चालणारी अशी वाटणी करायला तासभरही लागत नाही. लातूरचे एमआयडीएसआर आणि नांदेडचे रूरल दंत महाविद्यालय, दोन्हीकडे क्ष-किरण शिकवले जातात. आपल्या भागातल्या दवाखान्यांची चित्रे नाव झाकून तपासून देण्याचे काम या महाविद्यालयांनी घेतले, तर विद्यार्थ्यांनाही अभ्यासाला खरीखुरी, सदोष चित्रे मिळतील. पुस्तकातली चित्रे फार गुणी असतात.

आता कीड ओळखणारी संगणकप्रणाली येते आहे, तेव्हा ही सगळी उठाठेव कशाला, हा नवा युक्तिवाद. पांढऱ्या पट्ट्याआड जे उमटलेच नाही ते संगणकाने कुठून शोधायचे? चित्र धूसर असेल तर तोही धूसर अंदाज करील, फक्त त्याभोवती रंगीत चौकोन काढून.

किरणांच्या भीतीचेही उत्तर चांगल्या चित्रातच आहे. दातांच्या एका लहान एक्सरेचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट असतो. निसर्गातून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट मिळतात. एका एक्सरेने घाबरण्यासारखे काही नाही, पण वाया गेलेला एक्सरे मात्र पुन्हा काढावा लागतो. देगलूर किंवा निलंग्याहून रुग्णाला शहरात पाठवतात तेव्हा अनेकदा हेच होते. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पुढे येतो, त्यात खिडकीचे प्रतिबिंब असते, जाळीदार पट्टे असतात, आणि पाठवताना फाइल आक्रसलेली असते. शहरातले डॉक्टर तो बाजूला ठेवतात आणि नवा काढायला सांगतात. रुग्णाने दोनदा पैसे मोजले, दोनदा किरण घेतले. पहिल्याच दवाखान्यात मूळ फाइल मागून घेता येते. व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी पाठवली की ती आक्रसत नाही.